रस्त्याकडेचा वाफा

"रोपाला तहानलेलं ठेवून निजू नये गं पोरी," आईचा कधीकाळचा आवाज बसथांब्यावर उभ्या असलेल्या एका नर्सबाईंना आठवला. शेजारच्या वाफ्यात एक आजी बाटलीतलं पाणी ओतत होत्या आणि माळी वैतागला होता.

"आजी, पुन्हा? अहो, रस्त्यावरून वाहत येणारं पावसाचं घाण पाणी हा वाफा गाळून घेतो. माती आधीच चिंब असली, तर ते मुरणार कुठे?"

"रोपं मलूल दिसली रे."

"चांगली तरारलीत! रोज सांगतो, रोज ओतता. डोक्यात शिरत नाही का?"

"शिरतं की. पहिल्याच दिवशी शिरलं."

"मग?"

"ओतलं नाही, तर तू मुकाट निघून जाशील. मग दिवसभर माझ्याशी कोण बोलणार रे?"