चित्रातली माणसं किती?

चित्रावरून गणित शिकवणं म्हणजे नुसती गंमत वाटते ना तुम्हाला? मग ऐका. इंदापूरकडच्या आमच्या शाळेत दुसरीच्या मुलांना मी टीव्हीवर एका संग्रहालयाच्या वेबसाइटवरचं सुगीचं चित्र दाखवलं. कापणीला सहा माणसं, कडेला चिंध्यांवर निजवलेलं बाळ.

"माणसं किती?"

सगळे ओरडले, "सात!"

ऊसतोडीवाल्यांची पायल म्हणाली, "सहा."

मी खेकसले, "आणि बाळ गं? ते कोण मोजणार?"

"बाई, फडात निजवलेलं बाळ आमी सांजच्यालाच मोजतो. गेल्या साली ट्रॅक्टर मागं घेताना आमचं बाळ गेलं. तवापास्नं आताच्या धाकटीला बी उचलून घेतल्याबिगर आई मोजत न्हाय."

तिच्या सहावर मी बरोबरची खूण केली. तुम्ही चूक देऊन दाखवा.