पश्चिमेची काच

मी कधी चिडत नाही असं तुम्ही म्हणता ना, मग हे ऐका. मारेगावजवळ जंगलाला लागून आमचं शेत आहे. तिथं राहायला आम्ही कारखान्यातून तयार भिंती आणून जोडायचं घर ठरवलं. इंजिनीअर जागा पाहायला आला तो भादव्यात. त्यानं नकाशात आईच्या खोलीची पश्चिमेची अख्खी भिंत काचेची दाखवली.

मी म्हटलं, "उन्हाळ्यात भट्टी होईन तिची."

"साहेब, समोर एवढे साग आहेत. सावलीच सावली!"

"सागाचं पान उन्हाळ्यात झडते, भाऊ."

हे मी त्याला तीनदा सांगितलं. तिन्ही तारखा माझ्या वहीत आहेत. तिन्ही वेळा तो "हो हो" म्हणाला, आणि भिंत आली ती काचेचीच. वर म्हणतो, "आता बदलता येत नाही."

एप्रिलपासून आई स्वयंपाकघरात खाट टाकून झोपते. मे महिन्यात हा गडी जाहिरातीसाठी घराचे फोटो काढायला आला, तेही दुपारी तीनला. मी त्याला आईच्या खोलीत काचेसमोर बसवलं आणि दारात खुर्ची टाकून स्वतः बसलो.

"पाहा जंगल," मी म्हटलं.

पंधरा मिनिटांत त्याचा शर्ट पाठीला चिकटला. "साहेब, भिंत बदलून देतो. बाहेर येऊ द्या."

स्वयंपाकघरातून आई ओरडली, "बापू, लिहून घे त्याच्याकडून! अन् लिहिणं होतवर तिथंच बसू दे त्याले!"