हात बाकावर ठेवा

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. प्रज्ञाच्या आई, तुम्हाला सगळ्यांत आधी.

मी मंगल. प्रज्ञाची मैत्रीण. सुप्याच्या कंपनीत आम्ही दोघी एकाच पॅकिंग लाईनवर, आणि रविवारी इथे सावेडीत एकाच वर्गात. तुम्हाला ऐकू येतोय तो आवाज माझा नाही. तो आमच्या दुभाषी सुनंदाताईंचा. मी बहिरी आहे, हातांनी बोलते. ताईंचा आवाज फार गोड आहे असं लोक सांगतात. म्हणून आधीच सांगून ठेवते, मी गोड बोलत नाहीये. मला राग आलाय.

ताई, तुमच्या ओठांवर मला ‘वाईट वाटतंय’ दिसलं. मी राग म्हणाले. राग म्हणा.

हां. आता पहिल्या रांगेतले चेहरे बदलले. म्हणजे पोचलं.

प्रज्ञा कशी गेली ते तुम्हाला माहीत आहे. कंपनीच्या बसला ट्रकनं मागून ठोकलं. मघाशी बाहेर चपला काढताना दोघं बोलत होते, ‘बिचारीला हॉर्न ऐकू आला नसेल.’ ताईंनी ऐकलं आणि मला सांगितलं. अहो, प्रज्ञा बसमध्ये बसली होती. शेवटच्या सीटवर. हॉर्न ऐकून ती काय करणार होती? बस चालवणार होती?

मरणाचा दोषही तिच्या कानांवर घालून मोकळे झालात. नापास होण्याचा तर आधीच घातला होता.

हो, नापास. आज इथे तीन जणांनी भाषणं केली. प्रज्ञा हुशार, प्रज्ञा जिद्दी, प्रज्ञा आमच्या अभ्यासक्रमाचा अभिमान. या अभिमानाला तुम्ही नापास केलं होतंत, हे एकानंही सांगितलं नाही. मग मी सांगते.

आमची सांकेतिक भाषेच्या पदविकेची शेवटची परीक्षा होती. प्रात्यक्षिकात प्रज्ञा वर्गात पहिली आली. तिनं हातांनी गोष्ट सांगितली, कोंबडी आणि तिच्यामागे धावणारी सासू. बाहेरून आलेले परीक्षक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. दुसऱ्या दिवशी लेखी पेपर. मी तिच्या मागच्या बाकावर होते.

तुम्ही वाचताना ओठ हलवता की नाही? पुटपुटता की नाही? आम्ही बोटांनी पुटपुटतो. अवघड वाक्य आलं की मांडीवर बोटं आपोआप हलतात, आणि वाक्य कळतं. प्रज्ञाची बोटं हलली. पर्यवेक्षकांनी पाहिलं, आले आणि तिचा पेपर ओढून घेतला. म्हणाले, ही खाणाखुणा करतेय. कॉपी.

सांकेतिक भाषेची परीक्षा, आणि हात हलले म्हणून कॉपी!

अभ्यासक्रमाच्या प्रमुख मॅडमना बोलावलं. मला हायसं वाटलं. म्हटलं, मॅडमना कळेल, त्यांचाच अभ्यासक्रम आहे. मॅडम आल्या आणि काहीतरी बोलल्या. प्रज्ञाला कळलं नाही. मॅडमना खुणा येत नाहीत. सांकेतिक भाषेच्या अभ्यासक्रमाच्या प्रमुखांना खुणा येत नाहीत. मग त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘लिहायचा हात सोडून दुसरा हात बाकावर ठेवा. दिसेल असा.’

पेपर परत मिळाला. एक हात बाकावर पालथा ठेवून ती लिहायला लागली. तिची पाठ मला दिसत होती. ती अर्धा पेपर लिहून उठली. ती कोणत्या प्रश्नापाशी अडकली होती, माहीत आहे? ‘बहिऱ्या मुलाचे हात बांधून ठेवले तर त्याच्या शिकण्यावर काय परिणाम होतो, ते सविस्तर लिहा.’

मॅडम, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्यासमोर बाकावर पालथं पडलं होतं.

ताई, थांबू नका. सगळं बोला.

निकाल लागल्यावर आम्ही दोघी मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. ताई सोबत होत्या. प्रज्ञानं विचारलं, ऐकू येणाऱ्या मुली पुटपुटत होत्या, त्यांचे ओठ का नाही बंद केले? मॅडम म्हणाल्या, ‘हे बघ, नियम सगळ्यांना सारखा.’ प्रज्ञानं डावी भुवई वर केली. कुणी थाप मारली की ती तशीच बघायची. मग ती उठली आणि चालू लागली. जिन्यात मला म्हणाली, पुन्हा बसेन. शेवगावच्या बहिऱ्या पोरांना शिकवायचंय मला. त्यांच्या हातांवर कुणी पट्टी मारणार नाही असा वर्ग मला पाहिजे. आमच्या लहानपणी मारायचे, म्हणून.

पुन्हा बसायचं राहिलं.

सकाळी तिच्या आईंनी मला जवळ बसवलं. त्या शेवगावला मार्केटात कांदा निवडायला जातात. त्या जे बोलल्या, ते ताईंनी मला जसंच्या तसं सांगितलं. ताई, आता आईंच्याच शब्दांत बोला. ‘माजी पोर हातानं बोलती म्हून तिला चोर म्हनले व्हय? आन् आता हार घालाय आले? मला हार नगं. तिच्यामागच्या पोरींला तरी लिवू द्या म्हनावं.’

मॅडम, तुम्ही मघाशी जाहीर केलंत की वर्गात प्रज्ञाचा फोटो लावणार. लावू नका. त्याच वर्गात पुढच्या सोमवारी फेरपरीक्षा आहे. लेखीत नापास झालेल्या आम्ही चार बहिऱ्या मुली बसणार आहोत. आमची बोटं हलणार आहेत. पेपर ओढून घेणार का, ते आत्ता सांगा. तिच्या आईसमोर सांगा. कमिटीपुढे ठेवते, विचार करू, असलं काही नको. ताईंना सांगून त्यांच्याकडून मला कळवूही नका. मला सांगा.

शोकसभेत शेवटी उभं राहून शांतता पाळतात. तुमची शांतता म्हणजे तोंड बंद. आमची म्हणजे हात बंद. ती प्रज्ञाची पाळून झालीय, त्या बाकावर, ती उठेपर्यंत. आज तिच्यासाठी कुणीही हात बंद ठेवायचे नाहीत.

उभे राहा. आमच्यात प्रज्ञाचं नाव असं घेतात. डाव्या भुवईवर बोट ठेवायचं आणि भुवई वर सरकवायची. सगळ्यांनी घ्या. आई, तुम्ही घ्या, तुम्हाला येतं. मागे दाराशी उभे आहात, तुम्हीही.

मॅडम, तुम्हीही. आणि ‘हात मोकळे ठेवा’ याची खूण अशी. दोन्ही मुठी एकमेकींवर, आणि उघडायच्या. तुमचं उत्तर ‘हो’ असेल, तर ती करा.

ताई, आता तुम्ही आवाज थांबवा.

मी सगळ्यांच्या हातांकडे बघतेय. मॅडम, आधी तुमच्या.