जोथाम मास्तर आणि गाईंनी चाटलेलं विमान

या सभेचे अध्यक्ष आदरणीय रेव्हरंड ह्लाबांगाना, व्यासपीठावरील शिक्षणाधिकारी श्रीमती तशुमा, आजचे सत्कारमूर्ती श्री. जोथाम न्कीवाने, त्यांच्या पत्नी मादुबे, मिशनशाळेतले गुरुजन, पालक, आणि जोथाम मास्तरांच्या हातचे गणवेश घालून बसलेल्या माझ्या मुलामुलींनो,

मी एलायजा म्हलांगा. बोलायला थोडाच वेळ आहे, हे अध्यक्षांनी मला दोनदा बजावलंय. त्यांना माझी सवय ठाऊक आहे.

आज शाळा सोडून चाललेल्या जोथामला आपण शिवणाचे मास्तर म्हणून ओळखता. पण तो शिवायला शिकला कुठे? महायुद्धात इंग्रजांनी आपल्या गुएलो शहराबाहेर विमान चालवायला शिकवणारी शाळा काढली होती. त्यांच्याकडच्या आभाळात लढाई, आमचं आभाळ मोकळं. म्हणून जहाजं भरभरून पोरं इकडे यायची. त्या छोट्या विमानांचे पंख म्हणजे लाकडी सांगाडा, वर ताणून शिवलेलं कापड आणि त्यावर उग्र वासाचं रोगण. कापड जोथाम शिवायचा, मी लॉरी चालवायचो. विमान शिकायला गोरं असावं लागे. तशी पाटी कुठे लावलेली नव्हती, कारण विचारायला कोण जाणार होतं?

एकदा हॅरल्ड नावाचा शिकाऊ पोरगा वाट चुकला आणि मुखिया बाबा म्पोफूंच्या कुरणात उतरला. आमच्याकडे असं विमान उतरलं की गावकरी आधी त्याच्याभोवती काट्यांचं कुंपण घालत. गाईंना त्या रोगणाची भारी चटक! बाबा काटे तोडायला निघाले, तर हॅरल्ड हसला. आम्ही लॉरी घेऊन पोचलो तेव्हा एका पंखाच्या नुसत्या फासळ्या उरल्या होत्या.

“बाबा, कुंपण का नाही घातलंत?” मी विचारलं.

“साहेब हसले ना. म्हटलं, गाईंनाही हसू दे थोडं.”

जोथाम तिथेच झाडाखाली पंख शिवायला बसला. हॅरल्डला घरची आठवण येत होती, शिवाय गाईंनी नाक कापलेलं. तो याच्याजवळच बसून राहिला. जोथाम एकेक विचारी, तो सांगे. दांडा ओढला की काय होतं, पायांनी काय करायचं, वारा आडवा असला तर उतरायचं कसं. शेवटी त्याने जोथामला मागच्या जागेवर बसवलं. या विमानात एकटा माणूस मागूनच चालवतो. जोथाम डोळे मिटून हळूहळू दांडा हलवत होता. मी जेवायला हाक मारली, ती त्याला ऐकूच आली नाही. इतकं सुख मी त्याच्या चेहऱ्यावर पुन्हा पाहिलं नाही. मादुबे, राग मानू नका, लग्नातसुद्धा नाही.

विमान परत न्यायला एक अधिकारी आला; हॅरल्डला शिक्षा म्हणून माझ्या लॉरीतूनच परतायचं होतं. वजन सारखं राहावं म्हणून पुढच्या जागेवर काहीतरी हवं होतं, आणि हॅरल्डच्या वेळच्या वाळूच्या पिशव्या उतरताना फुटलेल्या. हॅरल्ड म्हणाला, “सर, जोथाम बसेल की.” अधिकाऱ्याने जोथामकडे पाहिलं, मग बाबांच्या कोठाराकडे. “पोतं आणा.”

“पोतं परत पाठवा हं साहेब,” बाबा म्हणाले. “विमान तुमचं असलं तरी मका माझा आहे.”

ते पोतं पट्ट्यांनी बांधलं कोणी? जोथामनेच. ते उडालं, आणि जोथाम माझ्या लॉरीत बसून परत आला.

पुढे आम्ही त्याची पाठ सोडली का? छे. “काय जोथाम, पोत्याकडून हरलास!” हे सगळ्या गावाने म्हणून घेतलं. मादुबेसुद्धा पानात मक्याच्या पिठाचा घट्ट इसित्श्वाला वाढताना म्हणत, “घ्या, उडून आलेला मका.” तोही हसायचा. आम्हाला वाटायचं, बिचाऱ्याला एकदा आभाळात बसायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. म्हणून तर आपण सर्वांनी वर्गणी काढून त्याच्यासाठी विमानाचं तिकीट घेतलं.

ते सांगायला मी गेल्या आठवड्यात त्याच्याकडे गेलो. त्याने कात्री खाली ठेवली.

“तिकीट मादुबेला दे. तिला खिडकीत बसायची हौस आहे.”

“अरे, पण जन्मभर तुलाच बसायचं होतं ना?”

“बसायचं नव्हतं रे, एलायजा. ती पोत्याची जागा. मला मागची हवी होती.”

इतक्या वर्षांच्या दोस्तीत हे माझ्या ध्यानात आलं नाही. त्याची इच्छा आम्ही आमच्या मापाने बेतली होती. परवा पुन्हा गेलो, तर अंगणात उभा राहून वर जाणाऱ्या विमानाकडे पाहत होता. उजवा हात किंचित हलत होता. जोथाम, तुझ्यासाठी अजून जीव तुटतो रे माझा.

अध्यक्ष महाशय, आपण घड्याळाकडे पाहिलंत, मी ते पाहिलं. मला बोलू दिलंत, आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. वयोमानाने जीभ घसरली असेल, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. तेवढं सगळं मी मागे घेतो. हा जोथाम न्कीवाने वैमानिक झाला असता, एवढं मात्र मागे घेणार नाही.