बायकोच्या हातचा किर्शनमिशेल

बेकरीच्या रांगेत माझ्यापुढे ओटिली आणि तिची शेजारीण इर्मट्राउट उभ्या होत्या.

"आज पुन्हा शिळा पाव, ओटिली?"

"गेरोल्टसाठी किर्शनमिशेल भाजायचाय. ताज्या पावाचा चेरीच्या रसात लगदा होतो गं."

"वृद्धाश्रमात खातो का तुझा नवरा?"

"काल बशी चाटूनपुसून साफ केली."

"मग ओळखलं तुला?"

"छे! म्हणाला, 'बाई, छान झालाय, पण माझ्या बायकोच्या हातच्याची सर नाही.'"

"अगं, मग सांगायचंस ना, ती मीच म्हणून!"

"कशाला? जन्मभर तोंडावर कधी चांगलं म्हणाला नाही. मी विचारलं, 'आणखी काय काय छान करते हो तुमची बायको?'"

"मग?"

"जेवणाची घंटा होईपर्यंत सांगत होता."