बोंब मारीन म्हणाला होता

— बोंबच म्हटलं मी, वकीलबाई, बॉम्ब नव्हे! पणजीहून ह्या पाळी गावापर्यंत आलात ते ह्या एका शब्दासाठी? घ्या, चहा घ्या, हा उंडो पाव बुडवून खावा. तर ते वर्ष भाषेच्या भांडणाचं, रस्त्यांवर झाडं पाडलेली, ठाण्यात सगळे बाहेरचे पोलीस, आणि त्यात सरदार दिसला की चौकशी. मी आपला एवढंच सांगायला गेलेलो, की माझा ड्रायव्हर बलकार सिंग भांडकुदळ आहे, त्याला गावातून घालवा. साहेब दिल्लीकडचा, त्याला ना मराठी ना कोंकणी, आणि माझं हिंदी ते कसलं! म्हटलं, "साब, वो बोला, कल थाने के सामने बोंब मारूंगा." झालं! साहेब खुर्चीवरून उठलाच. सरदार, आणि बॉम्ब! पोट धरून हसलो मी घरी येऊन. हसू नको तर काय करू? तो मात्र मुरगावला खनिजाच्या बोटीवर चढून पळाला, आणि आता विलायतेच्या तुरुंगात बसलाय. तिथलं कोर्ट त्याला इकडे पाठवणार की नाही, ते म्हणे माझ्या त्या जबानीच्या कागदावर ठरणार. अतिरेकी! इथं माझा टिपर हाकायचा हो, पगडीवर ही एवढी खाणीची माती.

काय? कागद वाचून दाखवला का? दाखवला तर. दोनदा. "बम मारूंगा." मी काय बहिरा आहे? ऐकलं, आणि सही केली. का म्हणून सुधारू? बोंब म्हटलं असतं तर साहेबानं पुढं काय विचारलं असतं, तुम्ही वकील, तुम्हीच सांगा — कसली बोंब? शेवंतीची! सावंतवाडीकडची मजूर बाई, कडेकडेनं चालली होती, माझा श्रीनाथ तेव्हा टिपर शिकत होता, ती जागच्या जागी गेली. मी मिटवलं, तिच्या माणसांनी मिटवलं, अख्खा गाव गप्प — आणि हा कोण कुठला पंजाबातला, हा तिचा काय लागत होता? म्हणे, "मैंने देखा है, सेठ." बघ म्हणावं आता, गजांतून बघ!

एक ओळ लिहून देऊ? शब्द चुकला म्हणून? नाही देत. आता गोव्याचं राज्य झालं, श्रीनाथ पंचायतीला उभा राहतोय. त्याला इकडे आणून फासावर दिला तर देऊ दे, मला छान झोप लागते.

उठलात? उंडो तसाच टाकलात की. आणि मी बोललो ते बोललो नाही, समजलं ना? डिचोलीची बस तर गेली तुमची. चालतच जाणार? जावा. कडेनं चाला हां, बाई — श्रीनाथ येईलच एवढ्यात टिपर घेऊन.