मोकळी जागा, गट नंबर दोनशे अकरा

आता मला सांगा, शाळेला निघालेल्या माणसाला सकाळी पावणेदहाला रजिस्टर पत्र देतात का कुणी? एका हातात डबा, दुसऱ्या हातात कुलूप, डब्यात पिठलं, म्हणजे मी त्याला पिठलं म्हणतो, शाळेतले लोक नुसतेच बघतात... आणि दारात पोस्टमन. सोहेल. माझाच विद्यार्थी. सातवीत भारताचा नकाशा रंगवायला सांगितला तर श्रीलंकाही रंगवून आणणारा. लिफाफा पाठीमागं धरून उभा. म्हणाला, "सर, बाईंच्या नावाचं हाय." म्हटलं, मग दे की. तर म्हणतो, "ज्याचं नाव त्याचीच सही लागते, सर," आणि खाली बघायला लागला. कारण आमच्या घरची जाऊन चार महिने झाले होते आणि मातीला हा सगळ्यांच्या आधी आला होता. मग म्हणाला, "तुमीच करा. मी न्हाई बघितलं."

पत्र कशाचं, तर सुनावणीचं. आमच्या गावासकट अकरा गावांचा वीस वर्षांचा विकास आराखडा सुधारून राहिले होते ना, त्यावर हिनं हरकत घेतली होती, तिची सुनावणी. हरकत कुणावर? तर तुम्हाला सांगतो, खरं म्हणजे माझ्यावर.

झालं असं. त्याच्या आदल्या वर्षी ऑगस्टात पाहणीची माणसं आली. आता गावात कुणी सरकारी माणूस आला की त्याच्याबरोबर फिरायला कोण? शिक्षक. जनगणना शिक्षक, मतदार यादी शिक्षक, कुत्री मोजायची निघाली तरी शिक्षक. त्यात मी भूगोलाचा. सव्वीस वर्षं पोरांना नकाशा शिकवून राहिलो, साहेबांना काय सांगू आणि काय नको असं झालं मला. हे मारुतीचं देऊळ, हा दर्गा, हा तांडा, हा ओढा. फिरत फिरत तांड्याच्या अलीकडं आलो. मोठं मुरमाड पटांगण, गट नंबर दोनशे अकरा. पावसाळ्यात तिथं असणार काय? गुडघाभर गवत, तीन शेळ्या. साहेबांनी विचारलं, "इथे काय असतं?" मी म्हणालो, "काही नाही. मोकळीच आहे." त्यांनी लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली. स्थानिक माहितगार, असं लिहिलं होतं हो माझ्या नावापुढं. मला तर ते वाचून बरंच वाटलं.

जानेवारीत आराखड्याचा नकाशा ग्रामपंचायतीत लागला. पिवळं, निळं, तांबडं, आणि तांड्याच्या अलीकडं हिरवागार चौकोन. उद्यान. चालायला गोल रस्ता, ज्येष्ठ नागरिकांसाठी बाकं. मी मोबाइलवर फोटो काढून घरी आणला. म्हटलं, बघ, आपल्या गावाला बाग होऊन राहिली. ती हळदीचे गड्डे फोडत बसली होती. हात पिवळे, तिनं मोबाइलला बोटसुद्धा लावलं नाही, नुसती मान वाकडी करून बघितलं.

"हे आपलं पटांगण न्हाई का?"

"तेच."

"मग हळद कुठं वाळवायची?"

आता हे मला सुचायला नको होतं का? माघापासून चैत्रापर्यंत गावाची सगळी शिजवलेली हळद तिथं पडलेली असते. काळ्या रानात टाकली तर माती चिकटते, गच्चीवर टाकावी तर इथं गच्च्या किती जणांना? तांड्यातल्या निम्म्या बाया लोकांची हळद उलटीपालटी करून त्या तीन महिन्यांत वर्षाचं धान्य करतात. आम्ही शाळेतून येताना नाकाला रुमाल लावून त्याच पटांगणावरून येतो. आणि मी म्हणालो, काही नाही.

"साहेबाला काहून सांगितलं न्हाई मग?"

"अगं, ऑगस्टमध्ये तिथं काही नव्हतं."

"पोरांना शिकवता ना भूगोल? वर्षाला महिने किती असतात म्हणून सांगता?"

ती हट्टा गावची. माहेरी हळद, सासरी हळद. मी घरी आणलेला नकाशा तिनं एका वाक्यात वाचला. एवढं म्हणून थांबली असती तरी चाललं असतं, पण नाही. तीस दिवसांची मुदत होती. तिनं माझ्याच शाळेचा आखीव कागद घेतला, चार ओळी लिहिल्या, तांड्यात रूपाबाईकडं गेली आणि एकतीस बायांचे अंगठे घेऊन आली. अंगठेसुद्धा पिवळे. मी म्हटलं, शाई नव्हती का? तर म्हणे, "साहेबाला वास तर येईल."

मी म्हटलं, माझ्या सहीच्या विरोधात तू सही करून राहिली, लोक काय म्हणतील? "काही नाही म्हणणार," ती म्हणाली. "तुमचं ऐकून ऐकून त्यांनाही सवय झाली."

मग चैत्र संपला, हळद विकली, ज्येष्ठ आला. एके दुपारी छातीवर हात ठेवून बसलेली दिसली. विचारलं, काय होतंय? म्हणाली, काही नाही. आणि मी, तुम्हाला सांगतो, मी ते लिहून घेतल्यासारखं ऐकून घेतलं आणि पेपर तपासायला बसलो.

असो.

सुनावणीला जिल्ह्याला गेलो. जीपमध्ये रूपाबाई आणि तिच्या चार जणी. वाटेत मला धीर देऊन राहिल्या. "गुरुजी, भिऊ नका. शाळेत बोलता तसं बोला." दुसरी म्हणाली, "शाळेत बोलतात तसं नको बाई, साहेबाला झोप लागंल." हसल्या सगळ्या. मीही हसलो. खिशात तिच्या कागदाची नक्कल होती. पाठ होती मला, तरी घेतली होती.

मोठी खोली, शंभरेक खुर्च्या, समोर टेबल. कारकून माइकवर नावं पुकारत होता. कुणाच्या घरावरून रस्ता गेला, कुणाच्या घरापासून रस्ता लांब गेला, दोघंही रडून राहिले. आणि मग तो म्हणाला, "हरकत क्रमांक एकशे सत्तेचाळीस. निर्मलाबाई विजयकुमार सवंडकर."

आता कसं सांगू. चोवीस वर्षांच्या संसारात मी तिला नावानं कधी हाक मारली नाही. "अगं", "ऐकलं का", फार तर "आकांक्षाची आई". तिचं पुरं नाव मोठ्यानं मी त्या खोलीत पहिल्यांदा ऐकलं, तेही माइकवर, तेही दोनदा, कारण पहिल्यांदा मी उठलोच नाही. रूपाबाईनं पाठीत बोट खुपसलं, "गुरुजी, बाईचं नाव घेऊन राहिले."

उठलो. साहेब भला माणूस होता, दोष देता येत नाही. "आपण?" "मी त्यांचा नवरा." "त्या कुठे आहेत?"

सरळ प्रश्न होता. सरळ उत्तर होतं. मी म्हणालो, "त्या आल्या नाहीत."

"बरं, तुम्ही सांगा. पाहणीच्या कागदावर तर जागा मोकळी आहे. स्थानिक माहितगाराची सही आहे. त्यांचं चुकलं असेल तर तसं सांगा. तिथे नेमकं काय असतं?"

सगळं होतं माझ्याकडं. कागद होता, माहितगार होता, माहितगार तर उभाच होता त्यांच्यासमोर. कागद काढायला खिशात हात घातला आणि तसाच उभा राहिलो. खिशातल्या कागदाला अजून हळदीचा वास होता, का मला वाटलं... साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला. अगदी मायेनं विचारलं, "काय झालं, सर?"

आणि मी म्हणालो, "काही नाही."

कारकुनानं टाइप केलं. नंतर प्रत मिळाली त्यात आहे: हरकतदार अनुपस्थित. काही म्हणणे नाही.

मागून रूपाबाई उठली होती. "साहेब, आमी सांगतो की." कारकून म्हणाला, "मावशी, तुमचा नंबर?" "नंबर न्हाई, अंगठा हाय." "पुढचा," कारकून म्हणाला.

परतीच्या जीपमध्ये बाया आपसात माघाच्या मजुरीचं बोलत होत्या, मला बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. तांड्याशी उतरताना रूपाबाई एवढंच म्हणाली, "औंदा माघात टाकू तिथंच. पुढचं पुढं." आणि मग, "बाई असत्या तर लई बोलल्या असत्या तुमाला."

आराखडा आता मंजुरीला गेलाय. वीस वर्षांनी पुन्हा सुधारतील म्हणे. तेव्हा मी बहात्तरचा असेन, असलोच तर. सोय मात्र चांगली आहे, ज्येष्ठांच्या बाकावर बसून वाट बघता येईल.

त्या कागदावरची पहिली ओळ एवढीच होती: या जागेवर आमच्या गावाची हळद वाळते. ती मी तिथं वाचली नाही.